ब्रॉटिगनचं साधं गद्य मराठीत आणताना जीव कुठे जातो?

कोरीपाटी

गेले दोन महिने मी अमेरिकन लेखक रिचर्ड ब्रॉटिगनच्या 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका'तली प्रकरणं मराठीत करून बघतेय. छापायला वगैरे नाही, माझ्यापुरतंच, कारण पुस्तक इतकं आत गेलंय की नुसतं वाचून भागत नाहीये. त्याचं इंग्लिश एकदम सोपं, शाळेतल्या पोरालाही कळेल, डिक्शनरी उघडायची वेळ क्वचित येते, म्हणून वाटलं होतं भराभर होईल. होतंय पण भराभर. फक्त झालेलं पान दुसऱ्या दिवशी वाचलं की त्यात जीवच नसतो.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. १९६१ च्या उन्हाळ्यात हा माणूस बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन आयडाहोमध्ये ओढ्यांच्या काठी कॅम्पिंग करत फिरला, टाइपरायटर सोबत होता, तिथे हे पुस्तक लिहायला घेतलं. छापून यायला १९६७ उजाडलं. मग मात्र हिप्पी पोरांनी डोक्यावर घेतलं, लाखोंनी प्रती गेल्या. कादंबरी म्हणतात पण धड गोष्ट अशी नाही, दोन-तीन पानांची प्रकरणं आहेत आणि 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका' (ट्राउट म्हणजे ओढ्यातला एक मासा) हे शब्द कधी माणसाचं नाव असतात, कधी हॉटेलचं, कधी पेनच्या निबचं.

पहिलंच प्रकरण घ्या. त्यात पुस्तकाच्या कव्हरचंच वर्णन आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉशिंग्टन स्क्वेअर बागेत बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा आहे, त्याच्या चारी अंगांना 'वेलकम' असा शब्द. मग तो सांगतो की संध्याकाळी पाचच्या सुमाराला बागेत गरीब माणसं जमतात, समोरच्या चर्चमध्ये सँडविच वाटतात म्हणून, पण इशारा झाल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही. इशारा झाला की सगळे पळत जातात, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सँडविच घेऊन परत येतात आणि उघडून बघतात आत काय आहे ते. त्याच्या एका मित्रानं एकदा उघडलं तर आत पालकाचं एक पान. बाकी काही नाही.

इंग्लिशमध्ये हे वाचताना माझ्या पोटात कालवलं होतं. आणि मी केलेलं मराठी असं: "त्याने सँडविच उघडले. त्यात पालकाचे एक पान होते. एवढेच होते." तिसरीच्या पुस्तकातला धडा वाटतो हो. होता, होती, होते, सगळीकडे तेच. उपमांचं तर विचारूच नका, मूळात त्या अंगावर येतात आणि माझ्याकडे आल्या की नुसत्या विचित्र दिसतात. साधं लिहिणं साध्या मराठीत का येत नाहीये? इथे कुणी ब्रॉटिगन नीट वाचला असेल तर त्याचं गद्य नेमकं चालतं कसं ते सांगा ना, मला वाटतं माझं तेच चुकतंय.

मुठाकाठ

ताई, तुमचं पहिलं गृहीतकच मला चुकीचं वाटतं, राग मानू नका. ते साधं नाहीये. साधे शब्द आहेत. त्यानंच एका ठिकाणी लिहून ठेवलंय की कादंबरी लिहायची होती पण आधी वाक्य लिहिता यायला हवं, म्हणून सात वर्षं कविता लिहिली. १९५८-६० च्या दरम्यान त्याच्या छोट्या छोट्या कवितांच्या पुस्तिका निघाल्या, कादंबऱ्या त्यानंतरच्या. म्हणजे जे वाक्य तुम्हाला सहज पडलेलं वाटतं ते सात वर्षं घासलेलं आहे.

आता उपमा. बारकाईनं बघा, त्याची उपमा बहुतेक वेळा वाक्याच्या शेपटाला असते. आधी अगदी बातमी दिल्यासारखं सांगतो, अमुक तिथे उभा होता, मग 'सारखा' म्हणून कुठल्या कुठे उडी मारतो, आणि पुढचं वाक्य असं चालू करतो की जणू काही झालंच नाही. म्हणजे वाचणाऱ्याला आधी माणूस दिसायला हवा, उडी नंतर. मराठीत आपण 'सारखा' नामाच्या आधी आणतो आणि सगळा क्रमच उलटा होतो. माझंच एक वाक्य देतो. "ओल्या काडेपेटीसारखी आजी अंगणात बसली होती." काडेपेटी आधी आली, आजी येईपर्यंत गंमत संपली आणि शेवटी हातात उरलं 'बसली होती'. आता हे बघा: "आजी अंगणात बसली होती, ओल्या काडेपेटीसारखी." लिहिताना आपल्याला वाटतं क्रियापद शेवटीच पाहिजे, शाळेत तसंच शिकवलंय, पण बोलताना आपण दिवसभर क्रियापदाच्या पलीकडे शब्द टाकत असतो. "येऊन गेला मघाशी, तो गॅसवाला." "बघितलास का, माझा चष्मा?" ब्रॉटिगनसाठी हीच मराठी पाहिजे, छापील नको.

आणि 'उघडले', 'होते' कशाला? 'उघडलं', 'होतं' करा. निम्मा धडा तिथेच जाईल. पालकाच्या पानाच्या वाक्यात तर 'होतं'ची गरजच नाही. "उघडून बघतो तर आत पालकाचं पान. एक." आपल्याकडे 'बघतो तर' मध्ये तो क्षण आयता मिळतो, इंग्लिशला त्यासाठी कसरत करावी लागते.

दुसरं म्हणजे त्याच्याकडे उपमा उपमेवर थांबत नाही, ती खरीच होऊन बसते. लहानपणीचं प्रकरण आठवा. पोराला लांबून, झाडांच्या पलीकडे, पांढराशुभ्र धबधबा दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गळ आणि पाव घेऊन आयुष्यातला पहिला ट्राउट पकडायला निघतो. जवळ जातो तर तो धबधबा म्हणजे एका घराकडे चढत जाणारा लाकडी जिना, पांढरा रंगवलेला. मग हा काय करतो, तर आपल्या ओढ्याला टकटक करून बघतो आणि लाकडाचा आवाज येतो. शेवटी मासा कुठला, स्वतःच स्वतःचा ट्राउट होऊन तो पाव खाऊन टाकतो. ह्यात कुठेही 'पोर निराश झालं' असं वाक्य नाही. ते तुम्ही चुकून घातलं नाहीये ना, एकदा तपासून बघा. मी तेच प्रकरण करताना घातलं होतं आणि अख्खं पान त्या एका वाक्यानं बसलं.

जुनापुराना

मी हे पुस्तक १९७० च्या दशकात मुंबईत फोर्टातल्या फुटपाथवर घेतलं, कव्हर निम्मं फाटलेलं, आणि त्या काळी आम्ही सगळे गिन्सबर्गने, म्हणजे १९५० च्या दशकातल्या बंडखोर अमेरिकन 'बीट' कवींपैकी एकाने, भारलेले, तो १९६२ मध्ये मुंबईला येऊन गेलेला, त्याच्या आठवणी थोरली मंडळी सांगायची, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोचा म्हटल्यावर मला वाटलं हाही त्यातलाच. अजिबात नाही. ब्रॉटिगन १९५६ मध्ये त्या शहरात आला, बीट कवींच्या सगळ्या अड्ड्यांवर वावरला, पण त्याचं वाक्य त्यांच्या बरोब्बर उलट आहे. त्यांच्यातल्या केरुआक ह्या कादंबरीकाराचं वाक्य म्हणजे एका दमात धावत सुटायचं, स्वल्पविरामाला थांबायचं नाही, आणि हा आपला दोन पावलं टाकतो आणि उभा राहतो. लोक त्याला बीट म्हणतात नाहीतर हिप्पी म्हणतात, दोन्ही शिक्के मला बाहेरून मारल्यासारखे वाटतात.

मला सांगायचंय ते सँडविचबद्दल. ते पालकाचं पान गोड नाहीये, आणि मला ह्या लेखकाबद्दल एकच गोष्ट कळकळीने सांगायची असते ती ही की त्याला गोड करू नका. जन्म १९३५, टाकोमा, वॉशिंग्टन राज्य. अतिशय गरिबीत, इकडून तिकडे बिऱ्हाडं हलवत वाढला. १९५५ मध्ये, विशीत, त्यानं पोलीस ठाण्याच्या काचेवर दगड मारला, आत टाकतील आणि निदान जेवायला मिळेल म्हणून, असं सांगतात. जेलमधून त्याला सेलमच्या सरकारी मनोरुग्णालयात पाठवलं आणि तिथे विजेचे झटके दिले. हे माहीत असलं की ती रांग, तो इशारा होईपर्यंत रस्त्याच्या अलीकडे थांबणं, चारी बाजूंना लिहिलेलं 'वेलकम', हे सगळं वेगळं वाचलं जातं. भूक माहीत असलेला माणूस भुकेबद्दल विशेषणं लावत नाही. त्यानं विशेषण लावलं नाही म्हणून तुमच्या पोटात कालवलं, बाई.

त्यातलं 'कूल-एड वायनो' हे प्रकरण वाचलंत का? हर्निया झालेला गरीब पोरगा, बाकीची भावंडं शेतावर राबायला जातात आणि हा घरी राहतो, पाच सेंटचं सरबताचं पाकीट आणून जेवढं पाणी घालायचं त्याच्या दुप्पट घालतो, साखर नाही कारण घरात साखर नसते, आणि ते सरबत तो असा करतो की एखादी पूजा मांडलीय. पाण्याचा नळ, बरणी, पाकीट फाडणं, सगळं ओळीनं, हळूहळू. तिथे गती वाढवू नका. हात काय करतायत तेवढंच लिहायचं. आपल्या आया-आज्या सणाची गोष्ट सांगताना सांगायच्या ना, मग नारळ वाढवला, मग निरंजन लावलं, तसं.

तिसरी_घंटा

माझं थोडं वेगळं मत आहे, मांडू का. मला 'ट्राउट फिशिंग' खूप आवडतं पण त्याचं हेच गद्य पुढे पुढे थकत जातं असं वाटतं. १९७४ चं 'हॉकलाईन मॉन्स्टर' आणि त्यानंतरच्या दोन-तीन कादंबऱ्या, कधी वेस्टर्न घे, कधी डिटेक्टिव्ह घे, दर वेळी चिमुकली प्रकरणं, पानभर मोकळी जागा आणि तीच सपाट वाक्यं. सपाट वाक्याला खाली काहीतरी दबलेलं लागतं. ते नसलं की नुसता सपाटपणा उरतो. साधेपणा प्रत्येक वेळी कमावलेलाच असतो असं नाही, कधी कधी लेखकाला ती सवय लागलेली असते, आणि आपण चाहते म्हणून तेही खपवून घेतो.

त्याच्या 'इन वॉटरमेलन शुगर' ह्या कादंबरीबद्दल मात्र मी कितीही वेळा भांडेन. १९६८ ला आलं. तिथे सगळं कलिंगडाच्या साखरेपासून बनवतात, सूर्य रोज वेगळ्या रंगाचा उगवतो, गुरुवारचा काळा आणि त्या दिवशी आवाजच होत नाही. लहानपणी वाघ येऊन निवेदकाच्या आईवडिलांना खातात, त्याच्यासमोर, आणि खाता खाता त्याला गणितात मदत करतात, कारण तो गृहपाठ करत बसलेला असतो. आणि हे त्याच आवाजात सांगितलंय ज्या आवाजात नाश्त्याला काय होतं ते सांगितलंय. पहिल्यांदा वाचताना मला ते सुंदर वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना भीती वाटली, ह्या माणसाला काहीच वाटत नाही का, अख्ख्या गावाला काहीच वाटत नाही का. मला वाटतं तिथे त्याची शैली हाच त्या पुस्तकाचा विषय आहे, इतकं शांत राहण्यासाठी माणसाला काय काय मारून टाकावं लागतं तो. ते मराठीत करायचं तर कलिंगडाची साखर ऐकायला छान लागते म्हणून वाहवत जाऊ नये एवढंच म्हणते.

जुनापुराना

मधल्या कादंबऱ्यांबद्दल मान्य. पण १९८२ ची, त्याच्या हयातीत छापलेली शेवटची, 'सो द विंड वोन्ट ब्लो इट ऑल अवे', ती वाचलीत का? पोरगा हॅम्बर्गर घ्यायचं की बंदुकीच्या गोळ्या ह्यात गोळ्या घेतो आणि ओसाड पडलेल्या फळबागेत त्याच्या हातून मित्र मरतो. आणि त्याच पुस्तकात एक जाडजूड नवरा-बायको रोज संध्याकाळी ट्रकमधून सोफा, दिवे, सगळा दिवाणखाना तळ्याकाठी आणून मांडतात आणि त्यावर बसून मासे धरतात. ते सोफ्याचं वर्णन इतकं सावकाश केलंय, कारण निवेदकाला त्या गोळीपाशी पोचायचंच नाहीये, तो सामान मोजत बसतो. तीच सपाट वाक्यं, पण खाली काय दबलंय ते आता झाकतसुद्धा नाही. दोन वर्षांनी, १९८४ मध्ये, बोलिनासच्या घरात त्यानं स्वतःला संपवलं, काही आठवडे कुणाला कळलंही नाही. अमेरिकेत तोवर लोक त्याला विसरत चालले होते. मला ते आजही लागतं.

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री दोन वाजेपर्यंत बसले होते. मुठाकाठदादा, 'निराश' शब्द खरंच सापडला, दोन ठिकाणी. काढला. शेपटाची उपमा करून बघितली, पान एकदम श्वास घ्यायला लागलं.

जुन्या सामानाच्या यार्डाचं प्रकरणही बऱ्यापैकी जमलंय असं वाटतं. त्यात वापरलेला ट्राउटचा ओढा विकायला काढलेला असतो, फुटावर. आधी मी ते प्रमाण भाषेत केलं होतं, 'प्रति फूट दर' वगैरे, आता आमच्या इथल्या भंगारवाल्याच्या तोंडचं केलं: "पहिल्या शंभर फुटाला साडेसहा डॉलर फूट, म्होरं पाचनं देतो. धबधबे वेगळे, ते वर ठेवलेत. दहा फूट घेतलं तर किडे फुकट." पक्षी पस्तीस सेंटला एक, पण वापरलेले. भंगारवाला हे सगळं गंभीरपणे सांगतो आणि गिऱ्हाईकही गंभीरपणे विचारतं, पाणी स्वच्छ आहे का, मासे आहेत का. दोघांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटत नाही आणि त्यामुळेच शेवटी जंगल फुटावर विकलं जातंय हे कळून घशाशी येतं.

पण आता नवीनच अडचण. लिंग! इंग्लिशमध्ये 'ट्राउट फिशिंग इन अमेरिका' बोलतो, पत्र लिहितो, सही करतो, आणि तो पुरुष की बाई की वस्तू ते सांगावंच लागत नाही. मराठीत म्हणाला, म्हणाली की म्हणालं? जिन्याच्या प्रकरणानंतर त्याचं उत्तर येतं, की मी काय करणार, जिन्याचा ओढा मला करता येत नाही, माझंही असंच झालं होतं, व्हरमाँटमध्ये एका म्हातारीलाच मी ट्राउटचा ओढा समजलो आणि मग माफी मागावी लागली. आता 'समजलो' लिहिलं की पुरुष झाला. 'समजले' की बाई. मासेमारी म्हणून स्त्रीलिंगी करू का?

समुद्रपार

मी गेली अकरा वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहते, ती बाग माझ्या नेहमीच्या वाटेवर आहे, पुतळा अजून तिथेच आहे आणि समोर चर्चही. तुमचा धागा वाचून परवा मुद्दाम जाऊन आले. बाकावर बसून ते दीड पान पुन्हा वाचलं आणि पहिल्यांदा लक्षात आलं की त्यानं सगळं जागच्या जागी ठेवलंय, झाडं, रस्ता, चर्च, काही वाढवलेलं नाही. त्यामुळे पुढे ओढे फुटावर विकायला निघाले तरी आपण विश्वास ठेवतो, कारण सुरुवातीला ह्या माणसानं आपल्याला पुतळा नीट दाखवलेला असतो. अनुवादात ही जागेची वाक्यं कंटाळवाणी वाटली तरी कापू नका.

तुमच्या अडचणीबद्दल. जपानी अनुवाद १९७५ मध्ये काझुको फुजिमोतो ह्या बाईंनी केला आणि तिकडे तो इतका गाजला की मुराकामीसारख्या लेखकांच्या पिढीच्या भाषेवर त्याचा परिणाम झाला असं मानतात. आणि जपानीतही क्रियापद शेवटीच येतं, आपल्यासारखंच! मी हपीसातल्या एका जपानी मैत्रिणीला विचारलं, ती म्हणाली की त्या अनुवादातली जपानी वाचून असं वाटायचं की आपली भाषा एवढी हलकी होऊ शकते हे आपल्याला माहीतच नव्हतं. तेव्हा व्याकरण आडवं येतंय म्हणून सोडू नका प्लीज. फक्त जपानीला लिंगाची भानगड नाही, ती आपल्याच वाट्याला.

माझी सूचना अशी की एकच लिंग ठरवूच नका. माणूस असेल तेव्हा म्हणाला, हॉटेल असेल तेव्हा बांधलं, निब असेल तेव्हा झिजली. मूळात नाव तेच राहतं आणि वस्तू बदलते, मराठीत वाचणाऱ्याला ते क्रियापदातून ऐकू येईल, आणि ही गोष्ट इंग्लिशला करताच आली नसती. उत्तराच्या पत्रापुरतं 'समजलो' टाळायचं असेल तर वाक्य फिरवा, "मला वाटलं ओढा, निघाली म्हातारी." झालं.

मुठाकाठ

"मला वाटलं ओढा, निघाली म्हातारी" हे फारच जमलंय. नाव मात्र मराठीत करू नका, 'अमेरिकेतील मासेमारी' म्हटलं की मत्स्यविभागाचं परिपत्रक वाटतं. शेवटचं प्रकरण कसं करताय? त्याला म्हणे कायम असं पुस्तक लिहायचं होतं जे 'मेयोनेज' ह्या शब्दावर संपेल, आणि तसं ते संपतं. आपल्याकडे पुन्हा क्रियापदाचा प्रश्न.

कोरीपाटी

त्यावरच बसलेय सकाळपासून. ते प्रकरण म्हणजे अख्खं एक पत्र आहे, ३ फेब्रुवारी १९५२ चं, कुणी मिस्टर गुड वारले म्हणून सांत्वनाचं, आणि मेयोनेज ताज्या कलमात येतं, द्यायचं राहिलं म्हणून. आपल्या घरातही अशी पत्रं यायची, वर मयताची बातमी, देवाच्या मनात होतं ते झालं, आणि खाली ता. क. मध्ये लोणच्याची बरणी परत पाठव. मूळात त्या शब्दाचं स्पेलिंगही चुकवलंय, लिहिणाऱ्या बाईचंच चुकल्यासारखं, पण आपल्याकडे हा शब्द चार जण चार तऱ्हेनं लिहितात, तेव्हा ती चूक दिसणारच नाही, ते सोडून दिलं. आत्तापुरतं असं झालंय, समुद्रपारताईंच्या म्हातारीवरून सुचलं:

"ता. क. – त्या दिवशी तुला द्यायचंच राहिलं बघ, ते मेयोनेज."